श्यामची आई : पुस्तकातली आणि पडद्यावरची



लावणी उरकली की आपल्या गटांना जरा उसंत मिळते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका साप्ताहिक सभेला बचत जमा झाली, वही लिहून झाली, सह्या झाल्या, आणि पाऊस काही थांबेना. छत्री असूनही बाहेर पडता येणार नाही असा पाऊस, तुम्हाला सांगायला नकोच. तेव्हा कुणीतरी मोबाईलवर जुना ‘श्यामची आई’ लावला. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि अकरा बायका भोवती बसल्या. शाळेत मास्तरांच्या छडीचं ते गाणं सुरू झालं तशा सगळ्याजणी गायला लागल्या. एका ताईची नववीतली मुलगी सोबत आली होती. ती म्हणाली, “हे पुस्तकात नाहीये.”

आम्ही गप्प. कारण अकराजणींपैकी पुस्तक अख्खं वाचलेल्या दोघीच निघाल्या. बाकीच्यांनी शाळेत धडा वाचलेला, आणि सिनेमा मात्र सगळ्यांनी पाहिलेला. म्हणजे आम्हाला जी श्यामची आई माहीत होती ती बरीचशी सिनेमातली. मग ठरवलं की दर सभेनंतर अर्धा तास पुस्तक वाचायचं आणि दोन्ही सिनेमे नीट बघायचे, जुना आणि नवा. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी पुस्तकाबद्दल. हे पुस्तक आपल्याच जिल्ह्याचं आहे. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातल्या पालगडचा. त्यांचं घर तिथे स्मारक म्हणून जपलेलं आहे. आई यशोदा. ती १९१७ साली गेली, तेव्हा गुरुजी अठराचेही नव्हते. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात असताना, त्यांनी हे पुस्तक चार-पाच दिवसांत लिहायला घेतलं आणि बहुतेक सगळं तिथेच लिहून काढलं. उरलेलं बाहेर आल्यावर पुरं केलं. १९३५ साली ते छापून आलं.

पुस्तकाची बांधणी लक्षात घ्या, कारण सिनेमाचं सगळं घोडं तिथेच अडतं. यात धडे नाहीत, ‘रात्री’ आहेत, अशा बेचाळीस. मोठा झालेला श्याम एका आश्रमात राहतो आणि रोज प्रार्थना झाली की मित्रांना आईची एक आठवण सांगतो. म्हणजे आई आपल्याला सरळ दिसत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आई गमावलेला मुलगा सांगतो तेवढीच दिसते. मुलीने विचारलं होतं, खरं कुठलं, पुस्तक की सिनेमा? आमचं उत्तर असं की पुस्तकसुद्धा निवडूनच सांगितलेलं आहे. बाईचा दिवस पहाटे जात्यापासून रात्री झाकपाक होईपर्यंत. त्यातलं मुलाच्या ध्यानात जे राहिलं ते पुस्तकात आलं. तिला स्वतःला सांगायला कुणी बसवलं असतं, तर तिने बेचाळीस रात्रींत काय सांगितलं असतं कोण जाणे.

आता जुना सिनेमा. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तो काढला. गुरुजी १९५० सालीच गेले होते, त्यांना तो बघायला मिळाला नाही. आई झाली होती वनमाला. ‘सिकंदर’सारख्या हिंदी सिनेमातली मोठी नटी, दागिन्यांनी मढलेली. तिला अत्र्यांनी साधं लुगडं नेसवून कोकणातल्या गरीब घरात उभं केलं. श्याम झाला होता माधव वझे. संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक द्यायला सुरुवात झाली १९५४ साली, आणि देशातला सर्वात चांगला चित्रपट म्हणून ते पहिलंच पदक या सिनेमाला मिळालं. मराठी सिनेमाला तो मान पुन्हा मिळायला ‘श्वास’ यावा लागला, तब्बल पन्नास वर्षांनी.

हा सिनेमा पुस्तकाशी प्रामाणिक आहे का? प्रसंगांपुरतं म्हणाल तर खूपच आहे. पायांचा प्रसंग घ्या. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई त्याच्यासाठी लुगडं पसरते. मग त्याला म्हणते, पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. सगळ्यांना हा ‘पदराचा’ प्रसंग म्हणून आठवतो. पुस्तकातला शब्द आहे ओचे. नऊवारी नेसलेल्या, धुणं-पाणी करणाऱ्या बाईचे ओचे. आमच्या मुलींना ओचे म्हणजे काय ते दाखवावं लागलं, आणि दाखवायला गटातल्या सत्तरीच्या आजीच उठल्या.

तसंच पोहण्याचं. पाण्याला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. पुस्तक वाचताना तिचा राग आपल्याला आधी कळतो आणि मारणं नंतर. पडद्यावर मारणं आधी दिसतं. एवढाच फरक, पण आमच्यातल्या दोघी-तिघींना पुस्तकातली आई पटली आणि सिनेमातली जास्त कडक वाटली.

छडीच्या गाण्याचं मात्र आम्हाला हसू आलं. साने गुरुजी स्वतः मास्तर होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून सहा वर्षं त्यांनी शिकवलं आणि वसतिगृहातल्या मुलांची आईसारखी देखभाल केली. अशा माणसाच्या पुस्तकावरचा सिनेमा, आणि त्यातलं सर्वांच्या तोंडी बसलेलं गाणं छडीचं. पण अत्रे विनोदी लेखक. रडणाऱ्या प्रेक्षकाला अधूनमधून हसवलं पाहिजे हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तक रोज एक रात्र वाचून खाली ठेवता येतं, डोळे पुसून चुलीकडे जाता येतं. थिएटरात बसलेल्याला अडीच तास उठता येत नाही.

बदल करणं म्हणजे पाप, असं आमचं म्हणणं नाही. जगभर हे होतं. अमेरिकेत १९०० साली ‘ऑझचा जादूगार’ ही मुलांची गोष्ट छापली गेली. वावटळीने उचलून नेलेल्या डोरोथी नावाच्या मुलीची ती गोष्ट. पुस्तकात तिचे जादूचे बूट चंदेरी आहेत. १९३९ साली सिनेमा झाला, रंगीत सिनेमाचे ते नवलाईचे दिवस, म्हणून बूट केले लालभडक. एवढं चालतं. पण त्याच सिनेमाने शेवटी सांगितलं की हे सगळं डोरोथीला पडलेलं स्वप्न. पुस्तकात ती जादूची नगरी खरीखुरी आहे. बुटाचा रंग बदलला तर गोष्ट तीच राहते. खरं घडलेलं स्वप्न ठरवलं की गोष्ट दुसरी होते. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकात शाळकरी पोरगा आहे. २०१७ च्या सिनेमात तो डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणारा तरुण झाला. आमच्या मुलांना तो आवडला. पण सायकलवरचा शाळकरी फेणे लहानपणी वाचलेल्या आमच्यासारख्यांना तो कुणी दुसराच वाटला.

तर बूट बदलले की गोष्ट बदलली, ही परीक्षा आम्ही ‘श्यामची आई’ला लावून पाहिली.

नवा सिनेमा आला १० नोव्हेंबर २०२३ रोजी. सुजय डहाके यांचा. आई गौरी देशपांडे, छोटा श्याम शर्व गाडगीळ, आणि मोठेपणीचे साने गुरुजी ओम भूतकर. हा सिनेमा मुद्दाम काळा-पांढरा केलेला आहे. त्यावरून आमच्यात भांडण झालं. एक ताई म्हणाली, “कोकण दाखवायचं नि हिरवा रंग काढून टाकायचा, हे काय?” दुसरीचं म्हणणं, आठवण ही अशीच असते, त्यात रंग कुठे असतात? आम्हाला पहिलीचं जास्त पटलं. गुरुजींच्या पुस्तकात फुलं आहेत, पत्रावळीची पानं आहेत, दूर्वा आहेत, मोरी गाय आहे, आणि ते सगळं डोळ्यांपुढे रंगातच येतं. पण सांगणारा माणूस पडद्यावर आणला हे या सिनेमाने चांगलं केलं. ही आई कुणाच्या तोंडून ऐकतोय ते कळतं. २०२३ सालचा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्तर वर्षांत एकाच पुस्तकावरच्या दोन सिनेमांना.

म्हणजे दोन्ही सिनेमे पुस्तकाचा मान राखून केलेले आहेत. तरी वाचताना आम्हाला राहून राहून वाटायचं की ही बाई आपण पाहिलेली नाही.

दहाव्या रात्रीचंच बघा, ‘पर्णकुटी’. नवऱ्याच्या भाऊबंदांतून बाहेर पडावं लागतं आणि श्यामची आई माहेरच्यांच्या आसऱ्याला राहते. तिथे तिला राहवत नाही. ती नवऱ्याला सांगते, हातातल्या पाटल्या घ्या, नाकातली नथ घ्या, विका, पण स्वतःची झोपडी बांधा. आमच्या गटात निम्म्या जणींच्या नावावर घर नाही. हे वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी पान उलटलं नाही. किंवा तेविसावी रात्र घ्या. मुलगा आईला दळणाला हात लावतो, आणि बायकांचं काम, पुरुषांचं काम ही वाटणी गुरुजी तिथे मोडून काढतात. १९३३ साली, तुरुंगात बसून. पंचविसाव्या रात्री डोक्यावरची मोळी पडलेल्या म्हातारीला ती उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. ती म्हातारी तेव्हाच्या लोकांच्या लेखी अस्पृश्य. आणि हीच आई श्यामला घरी आल्यावर आंघोळही करायला सांगते. गुरुजींनी ते लपवलं नाही. आई जेवढी मोठी होती तेवढीच सांगितली. पुढे त्याच मुलाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलाचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं.

पण खरी गोष्ट बत्तिसाव्या रात्रीपासून सुरू होते. तिचं नावच ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. तिथून सदतिसाव्या रात्रीपर्यंत नुसता पैसा आहे. म्हणजे नसलेला पैसा. तेल आहे तर मीठ नाही, असं एका रात्रीचं नाव आहे. श्यामचे वडील वाईट नाहीत, व्यसनी नाहीत. भाजी अळणी झाली तरी बायकोला वाईट वाटू नये म्हणून मुकाट्याने जेवणारा माणूस. पण कर्ज वाढत जातं आणि जमिनीचा मोह सुटत नाही. एक दिवस सावकाराचा माणूस वसुलीला येतो, ओटीवर बसून नको नको ते बोलतो, पैसे नसतील तर बायको विका इथपर्यंत जातो. तेव्हा इतके दिवस आतल्या आत सोसणारी आई बाहेर येते आणि त्याला ओटीवरून चालतं व्हायला सांगते. सदतिसाव्या रात्री घरासमोर दवंडी पिटली जाते. त्यानंतरच्या रात्रीचं नाव आहे ‘आईचा शेवटचा आजार’.

हा क्रम बघा. कर्ज, दवंडी, आजारपण. आई कशाने गेली ते पुस्तक सहा रात्री सावकाश सांगतं. गरिबी सिनेमातही आहे, पण अडीच तासांत बेचाळीस रात्री बसवायच्या म्हणजे कर्जाच्या हिशेबाला सवड कुठून मिळणार? पडद्यावर गरिबी ही पावसासारखी असते, ती आहे म्हणून आहे. पुस्तकात ती कुठून आली, कशी वाढली, कुणी कुणाचं ऐकलं नाही, हे सगळं येतं. म्हणून सिनेमा पाहून आपल्याला संस्कार करणारी आई आठवते. अळणी भाजी आठवते, पोहणं आठवतं, पाय आठवतात. मुलांना सांगायला ती बरी. घर बुडताना बघणारी, आणि ज्या व्यवहारात आपला सल्ला चालत नाही त्याचं दुःख मात्र आपल्याच अंगावर घेणारी बाई मागे राहते. आमच्या मते बूट बदललेले नाहीत, पण गोष्ट थोडी बदलली आहे. यात एकट्या सिनेमाचा दोष नाही. शाळेच्या धड्यांतही आम्हाला तीच पहिली आई भेटली होती.

बत्तिसावी रात्र वाचली त्या दिवशीची गोष्ट सांगतो. ज्या ताईची आहे तिला विचारून सांगतोय, नाव आणि गाव सांगत नाही.

ओटीवरचा प्रसंग वाचून झाला आणि ती ताई उठून पडवीत गेली. आम्हाला वाटलं, फोन आला असेल. ती परत आली ती तोंड धुऊन. म्हणाली, “आमच्याकडे पण येतात. पोरांसमोर बोलतात.” मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवऱ्याने खाजगी फायनान्सकडून कर्ज काढलेलं, किती ते तिला माहीत नाही. सही तिची आहे. हप्ते थकले तेव्हा तिने आपल्या गटातून तीस हजार उचलले आणि ते त्या हप्त्यांत गेले. आमच्या वहीत कारण लिहिलेलं आहे ‘शेळीपालन’. ठरावावर आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत. गेले सात महिने ती गटाचा हप्ता वेळेवर भरत होती, म्हणून कुणी शेळ्या बघायला गेलंच नाही. हप्ता कुठून येत होता? तिने कानातलं मोडलं होतं.

“घरात विचारत का नाहीस किती कर्ज आहे ते?” एकीने विचारलं. ती म्हणाली, “विचारलं की म्हणतात, तुला काय कळतंय त्यातलं.”

आम्ही समन्वयक म्हणून दर महिन्याला तिची वही तपासत होतो. वसुली शंभर टक्के होती, म्हणून आमच्या अहवालात तिचा गट ‘अ’ श्रेणीत होता. आम्हीही सिनेमाच बघत होतो म्हणायचं.

पुढच्या सभेत आम्ही तिला खडसावलं नाही, पण वहीत खोटं कारण राहू द्यायचं नाही असं ठरलं. ठराव नव्याने लिहिला, कारण लिहिलं ‘जुने कर्ज फेड’. हप्ता निम्मा केला आणि मुदत वाढवली. खाजगी कर्जाचे कागद, पासबुक, भरलेल्या पावत्या घेऊन नवऱ्याने सभेला यावं असा निरोप गेला. तो पहिल्या सभेला आला नाही. दुसऱ्या सभेला आला, दारातच बसला. कागद मांडले तेव्हा कळलं की त्यालाही व्याज किती ते ठाऊक नव्हतं. दंड आणि व्याज वेगळं काढायला आमच्या बँक सखीला दोन तास लागले. वसुलीला येणाऱ्यांनी घरी येऊन शिवीगाळ केली तर त्याची तक्रार कंपनीकडे आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेकडे करता येते, हेही त्याच दिवशी त्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. कर्ज अजून आहे. पण आता किती आहे ते दोघांनाही माहीत आहे, आणि आमच्या वहीत खरं लिहिलेलं आहे.

आता तुमच्यापैकी ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी. गुरुजी जाऊन साठ वर्षं उलटली, त्यामुळे २०११ पासून या पुस्तकावर कुणाचा हक्क राहिलेला नाही. स्वस्त प्रती मिळतात, पण घेताना अनुक्रमणिका बघून घ्या. संक्षिप्त प्रतींत काही रात्री गळलेल्या असू शकतात. बेचाळीस रात्री मोजा, आणि बत्तीस ते सदतीस आहेत ना ते आधी बघा. भाषा जुनी आहे, मधेमधे गुरुजी उपदेशाला लागले की लांबतं, तिथे पान उलटलं तरी चालेल. आम्ही उलटतो. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी निवडण-टिपण करत ऐकायचं. सिनेमे जरूर बघा, पण पुस्तकानंतर. मुलांना सोबत बसवा. काय गळलं, काय नवीन घातलं ते मोठ्यांपेक्षा मुलांच्या लवकर ध्यानात येतं.

आमच्या त्या गटात अजून सदतिसावी रात्र वाचायची आहे, दवंडीची. दोनदा पुढे ढकलली. या शुक्रवारी वाचायची असं ठरलंय, आणि मी वाचते असं त्या ताईने आपणहून सांगितलंय.